हातातला मोबाइल आणि ठाण्यातला कॅमेरा

कुर्डू हे माढा तालुक्यातलं गाव. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी बेकायदा मुरूम उपशावर कारवाई करायला करमाळ्याच्या उपविभागीय पोलीस अधिकारी अंजना कृष्णा तिथे पोहोचल्या. भोवती माणसं जमली. एका कार्यकर्त्याने आपला फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडून तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार कारवाई थांबवायला सांगत होते. आपण खरोखर उपमुख्यमंत्र्यांशीच बोलतोय हे कसं कळावं, माझ्या नंबरवर फोन करा, असं त्या म्हणाल्या, आणि मग थेट व्हिडिओ कॉल आला. हे सगळं तिथल्याच मोबाइलमध्ये टिपलं गेलं आणि काही दिवसांत देशभर फिरलं. कायद्याच्या कामात ढवळाढवळ करण्याचा आपला हेतू नव्हता, पोलीस दलाबद्दल आदरच आहे, असा खुलासा पवारांनी नंतर केला.

पोलिसांचं चित्रीकरण म्हणजे पोलिसांशी वैर, असं मानणाऱ्यांनी ही चित्रफीत पुन्हा एकदा पाहावी. त्या दिवशी कॅमेरा नसता, तर त्या अधिकारी काय बोलल्या, कोणत्या सुरात बोलल्या, हे ज्याच्या त्याच्या सांगण्यावर राहिलं असतं. शांतपणे आपलं काम करणाऱ्या अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासारखा साक्षीदार नाही.

तरी सोलापूरच्या न्यायालयात वकिली करताना एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो : ‘वकीलसाहेब, पोलिसांचं शूटिंग काढलं तर आत टाकतील का?’

भीती खोटी नाही. वर्ध्यात २०१८ साली शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची तक्रार घेऊन गेलेल्या एका माणसाने ठाण्यातल्या चर्चेचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, तर त्याच्यावर चक्क १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाखाली गुन्हा दाखल झाला. हा कायदा हेरगिरी रोखण्यासाठी आहे. लष्करी तळ, शस्त्रास्त्रांचे कारखाने, गोद्या अशी ठिकाणं त्यात ‘प्रतिबंधित’ मानली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जुलै २०२२ मध्ये तो गुन्हा रद्द केला. व्याख्येत पोलीस ठाण्याचा उल्लेख नाही, ओढूनताणून तो आणता येणार नाही, असं न्यायमूर्ती मनीष पितळे आणि न्यायमूर्ती वाल्मिकी मेनेझिस यांनी स्पष्ट केलं.

हा एकच गुन्हा नव्हता. त्याच जुलै महिन्यात पाथर्डीत तसाच गुन्हा नोंदला गेला. आईला झालेल्या मारहाणीची दखल नीट घेतली जात नाही म्हणून ठाण्यात गेलेल्या दोन भावांनी पोलिसाशी झालेलं बोलणं रेकॉर्ड करून थेट पोलीस महासंचालकांकडे पाठवलं होतं. पुन्हा तोच कायदा लावला गेला, आणि २०२४ मध्ये औरंगाबाद खंडपीठाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली. उच्च न्यायालयाचा निकाल ठाण्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो, ते यातून दिसतं.

या निकालांचा अर्थही नेमका समजून घ्यायला हवा. कॅमेरा चालू करणं हा गुन्हा नाही. पोलिसाच्या वाटेत उभं राहणं, धक्काबुक्की करणं हा आहे. भारतीय न्याय संहितेची १३२ आणि २२१ ही कलमं त्यासाठीच आहेत आणि पोलीस ती पटकन लावतात. म्हणून चार पावलं मागे राहून, तोंडातून शिवी न काढता चित्रीकरण करावं. अत्याचारग्रस्त स्त्री किंवा लहान मूल चौकटीत येत असेल तर ती चित्रफीत कुणालाही पाठवू नये. ती फक्त न्यायालयासाठी असते.

‘ठाण्यात सीसीटीव्ही आहेत की, मग लोकांनी कशाला?’ हेही विचारलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्याचं प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या अशा सगळीकडे आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवायला सांगितलं. शक्यतो १८ महिने चित्रीकरण जपायचं. दाराशी मोठा फलक हवा, त्यावर नागरिकाला तक्रारीचा हक्क असल्याचं लिहिलेलं हवं. आपल्या ठाण्यात तो फलक आहे का, हे वाचकांनी येताजाता जरूर पाहावं. मात्र या कॅमेऱ्यांच्या देखभालीची जबाबदारी ठाणेप्रमुखावरच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच घरात पुरावा. सप्टेंबर २०२५ मध्ये, राजस्थानातल्या कोठडीमृत्यूंच्या बातमीनंतर, सर्वोच्च न्यायालयाला या कॅमेऱ्यांच्या दुरवस्थेची स्वतःहून दखल घ्यावी लागली.

म्हणूनच लोकांचा कॅमेरा हवा. अमेरिकेत मिनियापोलिसमध्ये मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसांच्या हातून मेला तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात ‘वैद्यकीय घटना’ असे शब्द होते. दार्नेला फ्रेझिअर या १७ वर्षांच्या मुलीच्या फोनने ते निवेदन खोटं ठरवलं. सोलापूरकरांना सरकारी हकिकतीचं वजन वेगळं सांगायला नको. मे १९३० मध्ये या शहरावर लष्करी कायदा लादला गेला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. मेमधल्या त्या दिवसांत रस्त्यावर काय घडलं, याबद्दल सरकारची आणि लोकांची हकिकत कधीच जुळली नाही.

आज चित्रफीत असते, पण न्यायालयात टिकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लोक ती व्हॉट्सअ‍ॅपवरून दहा जणांना पाठवतात आणि मेमरी भरली म्हणून मूळ फाइल पुसून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला व्हिडिओ दाबून लहान केलेला असतो, तो मूळ राहत नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या २०२० च्या निकालाने इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने त्यात भर घातली : प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली अक्षरं-आकड्यांची ओळख. फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी हे मूल्य बदलतं.

गेल्या वर्षी एक यंत्रमाग कामगार पोलिसांच्या मारहाणीची चित्रफीत घेऊन आला. काच तडकलेला फोन त्याने रुमालात गुंडाळून आणला होता. पहिलंच वाक्य : ‘फोन जमा करणार का? पोरीचा अभ्यास यावरच आहे.’ जप्ती झालीच तर पंचनामा करून, त्याची नोंद घेऊनच फोन द्यायचा. चित्रफीत पुसून टाक असं कुणी म्हटलं तर पुरावा नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, हे त्याला समजावलं. मूळ फाइल फोनमध्येच ठेवली, केबलने पेनड्राइव्हवर प्रत घेतली, हॅश काढलं. चौसष्ट अक्षरं-आकड्यांची ती ओळ मी वाचत गेलो आणि तो प्रमाणपत्रावर बोट ठेवून एकेक तपासत गेला. मध्येच त्याने थांबवलं. टंकताना एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करून आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.