परतीचा आहेर

आपल्याकडे 'आहेर' हा शब्द दोन्ही दिशांनी चालतो. पाहुणा यजमानाला देतो तोही आहेर आणि यजमान पाहुण्याच्या हाती ठेवतो तोही आहेरच. अलीकडे या दुसऱ्या आहेराला 'रिटर्न गिफ्ट' म्हणू लागले आहेत आणि त्या नावासरशी त्याला हिशेब चुकता केल्याचा वास येऊ लागला आहे. तो वास पूर्वी अजिबात नव्हता असे मात्र नाही. मांडवाच्या दाराशी वही घेऊन बसलेला पोक्त नातलग आणि ध्वनिक्षेपकावरून 'अमक्यांकडून अकरा रुपये' अशी होणारी घोषणा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे नाव तेथे कोणी पुकारले नव्हते. आपल्या मांडवात ती आली असती, तर तिला पदराआड पाकीट लपवावे लागले असते.

गेल्या वर्षी आमच्या मोठ्या मुलीचे लग्न ठरले. मुलगा वसईचा. सोलापुरात मिस्सा, त्यानंतर स्वागत समारंभ आणि साडेचारशे पाहुणे. निमंत्रणपत्रिकेवर 'आपली उपस्थिती हाच आहेर' हे वाक्य छापण्यावर घरात लगेच एकमत झाले. पण पाहुण्यांना आपण काय द्यायचे, यावर तीन आठवडे खल चालला.

नवऱ्या मुलीला काचेच्या पेल्यातली मेणबत्ती हवी होती, वर दोघांचे छायाचित्र आणि लग्नाची तारीख. दुसऱ्याच्या लग्नाचे छायाचित्र आपल्या घरात ठेवायचे कुठे आणि टाकायचे कसे, हा प्रश्न मी विचारला तेव्हा ती रुसली. धाकट्याने रोपे सुचवली. सोलापूरच्या मे महिन्यात रोप हाती देणे म्हणजे पाहुण्याला भेट नव्हे, कामाला लावणे. जपमाळेचा विचार कुणाच्याही मनात आधी येतो. पण आमच्या पाहुण्यांत निम्मे शेजारी आणि सहकारी, कोणी लिंगायत, कोणी पद्मशाली, कोणी मुसलमान. आशीर्वादित वस्तू ज्याला ती कशी जपावी हे ठाऊक नाही त्याच्या हाती ठेवून त्याला संकोचात का टाकायचे? शेंगाचटणीची पुडी सर्वांनाच आवडली होती. परंतु चटणीचे तेल कागदातून उतरून वसईपर्यंत किती रेशमी पातळांना लागेल, याचा अंदाज आल्यावर तीही मागे पडली.

आमच्या नात्यातल्या एक सिस्टर काही वर्षे रोमला होत्या. त्यांनी तिकडची रीत सांगितली. इटलीत लग्नाच्या पाहुण्यांना साखरेच्या पुटातले पाच बदाम एका लहानशा पुरचुंडीत बांधून देतात. आरोग्य, संपत्ती, सुख, संतती आणि दीर्घायुष्य अशा त्या पाच सदिच्छा. बदाम किंचित कडू, वरची साखर गोड; संसारही तसाच. पाचच का, तर विषम संख्येचे दोन सारखे भाग होत नाहीत, आणि नवरा-बायकोचेही होऊ नयेत. हे ऐकून मला आपल्या पाकिटातला वरचा एक रुपया आठवला. एकावन्न, एकशेएक! समुद्रापलीकडची माणसे आणि आपण एकाच खुळाने बांधलेले आहोत, हे कळून बरे वाटले. पण सोलापुरात बदाम हे सुक्या मेव्याच्या दुकानाचे वैभव. ते आपल्या मातीतले नव्हेत.

शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, टॉवेलच्या गावात राहता आणि बाजार हिंडता?"

खरेच होते ते. महाराष्ट्रातल्या लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टर्किश टॉवेल या दोहोंना 2005-06 या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले. सासरे हयातभर गिरणीत होते. आमच्या घरात टॉवेल ही वस्तू नव्हे, भाकरी होती.

येथवर सारे सुरळीत झाले. पेच पुढेच पडला. थोरल्या दिरांचे म्हणणे असे, की वराकडच्या मंडळींना आणि मानाच्या पाहुण्यांना चादर द्यावी, बाकीच्यांना टॉवेल, आणि शेजारपाजाऱ्यांना नॅपकिन पुरे. त्यांचा हेतू वाईट नव्हता. खर्च आटोक्यात राहावा आणि विहीणबाईंचा मानही राहावा, एवढेच त्यांना हवे होते. मानपानाच्या याद्या अशाच होत असतात. ह्यांनी कागद पुढे ओढून तीन रकाने आखलेही.

सासूबाई त्या कागदाकडे पाहत होत्या. मग त्यांनी आपल्या वडिलांची हकिगत सांगितली, जी आम्ही तीस वर्षांत कधी ऐकली नव्हती. गावातल्या मोठ्या घरी लग्न असले की वडील आठ दिवस आधीपासून लाकडे फोडायला जात. लग्न लागल्यावर कोणाला फेटा, कोणाला उपरणे, कोणाला टॉवेल-टोपी मिळे. वडील मांडवाबाहेर उभे असत. त्यांना नारळ मिळे, पण हातात नव्हे. तो वरून सोडला जाई आणि त्यांनी तो ओंजळीत झेलायचा. एकदा तो निसटून दगडावर फुटला आणि लोक हसले. "बाबांनी ते तुकडे घरी आणले," सासूबाई म्हणाल्या, "आणि आम्ही खाल्ले. खोबरं गोड होतं."

ह्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. थोरले दीर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पैशांचा त्यांचा वाटा मात्र आपणहून वाढवून पाठवला.

लूकच्या शुभवर्तमानात, जे परतफेड करू शकतात त्यांना नव्हे तर जे करू शकत नाहीत त्यांना जेवणास बोलवा, असे येशूने यजमानाला सांगितले आहे. हा उतारा आपण रविवारी ऐकतो आणि सोमवारी याद्या करतो. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांत मात्र लग्नाआधी घरच्या मृतांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची प्रथा आहे. 'भिकाऱ्यांचे जेवण' असेच तिला म्हणतात. आपण ती उचलावी, असे मला फार वाटते.

सर्वांना एकसारखा टॉवेल, असे ठरले. दुकानातून घेण्याऐवजी आम्ही थेट मागावर गेलो, कारण पानिपतचा मालही सोलापूरच्या नावाने विकला जातो आणि खुद्द सोलापुरातच फसण्याची वेळ येते. शहराच्या पूर्व भागात, घराला लागूनच चार यंत्रमाग टाकलेल्या एका पद्मशाली गृहस्थांकडे मागणी दिली. त्या खडखडाटात त्यांनी मला ओरडून समजावले: टॉवेलला ताणे दोन, एक ताठ आणि एक सैल. आडव्या सुताचे तीन धागे आधी थोडे अलीकडेच थांबवायचे आणि मग फणीने एकदम ठोकायचे. तेव्हा ताठ ताणा जागीच राहतो आणि सैल ताण्याची वेटोळी दोन्ही अंगांना उभी राहतात. पाणी टिपतात ती हीच वेटोळी. सगळेच धागे ताठ ठेवले तर कापड होईल, टॉवेल नाही.

"नाव घालायचं का?" त्यांनी विचारले. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि स्वतःच म्हणाली, "नको. वापरायचा आहे तो."

आम्ही पाचशे सांगितले. वाढपी, आचारी, मंडपवाले, झाडणाऱ्या दोघी आणि चर्चचे घंटा वाजवणारे काका हे आमच्या साडेचारशेत नव्हते. कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, तो कोठून आला हे भोजनकारभाऱ्याला कळले नाही, वरालाही नाही. पाणी काढणाऱ्या चाकरांना तेवढे ठाऊक होते. त्या लग्नातला सर्वांत मोठा आहेर पाहिला तो त्यांनी.

समारंभाच्या संध्याकाळी सासूबाई दाराजवळ खुर्ची टाकून बसल्या. गुडघे दुखतात म्हणून आम्ही नको म्हणत होतो. प्रत्येकाला त्यांनी दोन्ही हातांनी टॉवेल दिला. आमच्या विहीणबाईंना जसा दिला, तसाच. झाडणारी बाई पदराला हात पुसत आली आणि सवयीने तिने ओंजळ पुढे केली. सासूबाईंनी ती ओंजळ खाली केली, टॉवेलची घडी उलगडली, आणि त्यांचा हात पुरेना म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांवर उभ्या राहून तो तिच्या खांद्यावर घातला.