न वाजणारा बिघाड

मोटारीतले बहुतेक बिघाड आवाजाने आपली वर्दी देतात. ब्रेकचे पॅड झिजले की चाकातून किंचाळी उठते, बेअरिंग गेले की वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या बोलीतला शॉकअप, मात्र बहुधा निमूटपणे निकामी होतो, आणि बेंगळुरूच्या गल्लीबोळांतील गतिरोधकांवर पुढच्या चाकापाशी जो ‘खट्’ आवाज येतो, त्याचा आळ मात्र त्याच्यावर घेतला जातो. तो आवाज पुष्कळदा लिंक रॉडच्या ढिल्या सांध्याचा, लोअर आर्मच्या चिरलेल्या रबरी बुशचा किंवा स्ट्रटचे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या एकत्र जोडणीचे, वरचे टोक गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असते त्या माउंटिंगचा असतो. जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवी जोडी आणून बसवल्यावरही खटखट थांबत नाही, ती यामुळेच.

वस्तुतः धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते. परंतु स्प्रिंग झेललेली ऊर्जा साठवून लगेच परत देते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवर तोललेली गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ डोलत राहील. ते डोलणे शमवण्यासाठी तेलाने भरलेल्या नळकांड्यात एक दट्ट्या असतो, तो सरकताना तेलाला बारीक छिद्रांतून आणि झडपांतून वाट काढावी लागते आणि त्या विरोधात डोलण्याची ऊर्जा उष्णता होऊन हवेत निघून जाते. गाडीचा सांगाडा सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डोलतो, तर चाक दहाएक वेळा थडथडते. यांपैकी दुसरी गती आवरणे अधिक मोलाचे आहे, कारण थडथडणारे चाक क्षणभर रस्ता सोडते आणि त्या क्षणी ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी ठरतात. बसणाऱ्याचा आराम हा या यंत्राचा दुय्यम लाभ होय.

या यंत्राच्या आरंभीच्या इतिहासात एक संगीतकार भेटतो, ही गोष्ट मनात घर करून राहते. अमेरिकेतील क्लीव्हलंडचा क्लॉड फॉस्टर ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य वाजवीत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर वाजणारा मोटारीचा भोंगा तयार केला आणि त्याला ख्रिस्ती परंपरेतील तुतारीवाल्या देवदूताचे, गॅब्रिएलचे, नाव दिले. रस्त्यावर सुरेल नाद भरणारा हाच माणूस पुढे स्प्रिंगची उसळी शांत करण्याच्या मागे लागला आणि पट्टा गुंडाळलेल्या, घर्षणावर चालणाऱ्या साधनाने त्याने ती आवरून दाखवली. तेलाचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सर्वत्र रूढ झाल्यावर ते साधन मागे पडले. पण त्यातून मिळालेली संपत्ती फॉस्टरने जपून ठेवली आणि 1952 मध्ये शहरातील शैक्षणिक व सेवाभावी संस्थांच्या प्रतिनिधींना जेवायला बोलावून तिचा बहुतांश भाग त्यांना वाटून टाकला. नाद आणि शांतता या दोहोंची सारखीच जाण असलेला असा कारागीर यंत्रांच्या इतिहासात विरळाच. त्याने भोंग्याला दिलेले नाव मात्र टिकले. 1961 मध्ये मुंबईच्या मुलुंडमध्ये गॅब्रिएल इंडियाचा कारखाना उभा राहिला, पुढे नाशिक आणि चाकणला आणि बेंगळुरूच्या वेशीपलीकडच्या होसूरलाही त्या कंपनीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर तयार होऊ लागले.

बेंगळुरू शॉकअपची कठोर परीक्षा घेते. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, म्हणजे सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा असावा. वसाहतींतले कित्येक उंचवटे याच्या निम्मेही रुंद नसतात. त्यात जूनपासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि तो सरतो तोच ईशान्येचा, त्यामुळे दट्ट्याच्या गुळगुळीत दांड्यावर चिखल बसतो, धुळीपासून रक्षण करणारे रबरी आवरण फाटलेले असल्यास कण सीलपर्यंत पोहोचतात आणि तेल झिरपू लागते. हा ऱ्हास इतका सावकाश होतो की चालकाचा हात नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. मग पुणे किंवा कोल्हापूरच्या दिशेने भरल्या गाडीने निघाल्यावर महामार्गावरील पुलाच्या सांध्यावर गाडी दोन-तीनदा झुलते, तेव्हा शंका येते.

निदानासाठी कानापेक्षा डोळा आणि तळहात अधिक विश्वसनीय होत. नळकांड्यावर तेलाचा पुसटसा ओलावा दिसणे क्षम्य असते, खालपर्यंत ओघळ गेला असेल तर निर्णय झालाच. टायरवरून हात फिरवताना ठरावीक अंतराने उंचसखलपणा लागला, तर चाक थडथडत असल्याचा तो सबळ पुरावा असतो. गाडीचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्ण गेलेला शॉक उघडा पाडते, अर्धवट झिजलेला नव्हे. बदल एकाच बाजूचा न करता आसावरील जोडीचा करावा, फाटलेले आवरण आणि थकलेले माउंटिंग त्याच वेळी बदलावे, आणि पुढचे स्ट्रट उतरवले असतील तर चाकांचे अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगायला हवी. स्ट्रटभोवतीची स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत अडकवलेली असते आणि वरचा नट मोकळा होताच ती प्राणघातक वेगाने सुटू शकते. म्हणून चार पैसे आणि अर्धा तास अधिक लागला तरी वाचकांनी स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरणाऱ्या गॅरेजकडेच हे काम सोपवावे. तिथे काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो.