चिकूची वाडी आणि सातासमुद्रापारचा दाखला

डहाणूच्या बाजारपेठेत अलीकडे चिकूच्या भावाबरोबर डॉलरच्या भावाचीही चौकशी होते. दुपारी गिऱ्हाईक विरळ झाले की गादीवर बसल्या बसल्या कोणाचा मुलगा कोठे आहे, त्याचा एच-1बी अजून किती वर्षे चालेल, ग्रीन कार्डाच्या रांगेत तो कितवा आहे, याचा हिशेब मांडला जातो. नोकरीच्या आधाराने अर्ज करणाऱ्या भारतीयांची ती रांग इतकी लांब आहे की आज अर्ज घालणाऱ्या तरुणाचे अर्धे आयुष्य तिच्यात सरावे. मग कोणीतरी हळूच म्हणतो, पैसे गुंतवून थेट कार्ड मिळते म्हणतात, ते काय आहे? आणि बोलणे घोलवडच्या वाडीवर येऊन थांबते. एवढी रक्कम उभी करायची, तर विकण्यासारखे तेवढेच असते.

असे एक घर कल्पावे. डहाणूरोडला दोन पिढ्यांचे दुकान, घोलवडला आजोबांनी रीतसर खरेदी केलेली चिकूची वाडी, एकुलता मुलगा अमेरिकेत. प्रश्न एकच. वाडी विकून मुलाला कायमचा निवासाचा हक्क घेऊन द्यावा का? त्याचे उत्तर शोधण्यासाठी डहाणू ते तलासरी हा रस्ता एकवार नीट पाहावा, कारण परक्या मातीत पैसा आणि कष्ट घालून कायमचे राहण्याची या किनाऱ्याएवढी जुनी नोंदवही दुसरीकडे सहसा आढळणार नाही.

मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवर डहाणूरोड स्थानक लागते. 2013 पासून उपनगरी गाड्याही येथवर येतात. गावातून उत्तरेकडे घोलवड-बोर्डीच्या रस्त्याला लागले की डाव्या हाताला सुरूच्या रांगांमागे समुद्र, उजव्या हाताला चिकूच्या वाड्या. झाडे जुनी आहेत. फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या, खाली दुपारीही ओलसर काळोख. वारली मजूर टोकाला जाळी बांधलेल्या काठ्यांनी फळे उतरवतात आणि सावलीत बसून निवडतात. हे झाड मूळचे येथले नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या रानांतले ते फळ. पण त्याचे कलम येथल्या खिरणीच्या, म्हणजे रायणीच्या, खुंटावर बांधले जाते. मूळ देशी, शेंडा परदेशी. कालीपत्ती जातीच्या याच फळाला 2016 मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. परक्या झाडाला गावाचे नाव लागले, याहून पक्का निवासाचा दाखला तो कोणता!

ही लागवड वाढवण्यात इराणी कुटुंबांचा वाटा मोठा. याझ्द आणि केरमान या प्रांतांतील जरथुष्ट्री लोकांवर जिझिया कर होता. मुंबईच्या पारशी समाजाने 1854 मध्ये धाडलेल्या माणेकजी लिमजी हातरिया यांच्या दीर्घ खटपटीनंतर 1882 मध्ये तो उठला. पण दारिद्र्य आणि छळ यांमुळे माणसे हिंदुस्थानकडे येतच राहिली. काहींनी मुंबईत चहाची दुकाने काढली, काही डहाणूकडे वळले आणि जमिनी घेऊन वाड्या उठवल्या. त्यांच्यापाशी भांडवल बेताचे होते आणि कोणत्या देशाने त्यांना दरपत्रकही दाखवले नव्हते. चिकूचे कलम व्यापारी उत्पन्नाला यायला पाच-सात वर्षे घेते. तेवढी वर्षे पाणी घालणे, हीच त्यांची गुंतवणूक आणि हीच त्यांची अट.

आता अमेरिकेची अट पाहू. ईबी-5 ही योजना 1990 च्या कायद्याने आली. मार्च 2022 च्या सुधारणेनंतर ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातील प्रकल्पात 8 लाख डॉलर, अन्यत्र 10 लाख 50 हजार डॉलर गुंतवावे लागतात आणि त्यातून 10 पूर्णवेळ रोजगार उभे राहावे लागतात. डॉलर 85 रुपयांचा धरला तरी 8 लाखांचे 6 कोटी 80 लाख होतात. प्रकल्पचालकाचे शुल्क आणि वकिलाची फी वेगळी. एवढे करून पहिले कार्ड मिळते ते दोन वर्षांचे, सशर्त. रोजगार खरोखर निर्माण झाले हे दाखवल्यावरच अट उठते.

अर्जाची पहिली परीक्षा पैशाच्या उगमाची. रक्कम कोठून आली, हे तेथला अधिकारी मुळापर्यंत विचारतो. येथे व्यापारी घराने स्वतःशी प्रामाणिक राहावे. वाडीच्या विक्रीत दस्तात लिहिलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम वेगळ्या असतील, तर अमेरिकेच्या दृष्टीने फक्त दस्तातली रक्कमच अस्तित्वात आहे. उरलेला पैसा पाठवताही येत नाही आणि दाखवताही येत नाही. शिवाय सातबाऱ्यावरची वारस-नोंद, वाटणीचे कागद, आजोबांच्या काळातले खरेदीखत, शेतीचे करमुक्त उत्पन्न कोठे जमा झाले त्याचे पासबुक, हे सारे इंग्रजी भाषांतरासह लागते. ज्या घरात काकांची सही अजून व्हायची आहे, त्या घराने डॉलरचा भाव विचारण्याआधी काकांकडे जावे.

दुसरी परीक्षा पैसा पाठवण्याची. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली एका निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात. आई-वडिलांनी मिळून मुलाला भेट द्यायची, तर वर्षाचे 5 लाख. म्हणून जाणकार मार्चअखेर एक हप्ता आणि एप्रिलच्या आरंभी दुसरा, असे गणित बसवतात. माणशी 10 लाख रुपयांपलीकडच्या रकमेवर 20 टक्के कर बँक उगमातच गोळा करते. तो पुढे आयकरात वळता होतो किंवा परत मिळतो; तोवर सव्वा कोटीच्या आसपास रोकड अडकते. दुकान चालवणाऱ्याला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी दलाल शेवटी सांगतात. पैसा आई-वडिलांचा असला तरी अर्जदार मुलगा आहे. कार्ड त्याला, त्याच्या पत्नीला आणि 21 वर्षांखालील अविवाहित मुलांना मिळते. वाडी विकणाऱ्या आई-वडिलांना नाही. मुलगा पुढे नागरिक होईल आणि त्यांना बोलावील तेव्हा त्यांचा विचार. तोपर्यंत घोलवडला वाडी नाही आणि तिकडे मुक्कामाचा हक्क नाही, अशी काही वर्षे त्यांना काढायची आहेत.

शक्यता तोलायच्या तर तीन वेगळ्या पारड्यांत तोलाव्यात. मुलाला कार्ड मिळण्याची शक्यता कागद स्वच्छ असतील तर चांगली आहे. दरवर्षीच्या व्हिसांपैकी 20 टक्के ग्रामीण, 10 टक्के बेकारीग्रस्त आणि 2 टक्के पायाभूत प्रकल्पांसाठी राखीव असतात; रांग लागलेल्या अनारक्षित गटापेक्षा भारतीयाला तेथे वाव अधिक. 30 सप्टेंबर 2026 पर्यंत दाखल झालेल्या अर्जांना, पुढे योजना बदलली तरी, कायद्याचे संरक्षण आहे. मुद्दल परत मिळण्याची शक्यता मात्र याहून बरीच कमी. पैसा खरोखर जोखमीत असला पाहिजे, हीच योजनेची अट आहे. परतीची हमी देणारा करार अर्जच बाद करतो. व्हरमाँट राज्यातील जे पीक येथील स्की-केंद्राच्या नावाने गोळा झालेल्या 35 कोटींहून अधिक डॉलरमध्ये मोठा गैरव्यवहार झाल्याचा आरोप अमेरिकेच्या रोखे आयोगाने 2016 मध्ये न्यायालयात ठेवला होता, आणि पुढे संबंधितांनी फौजदारी गुन्हेही कबूल केले. पैसे घालणारे देशोदेशींचे कुटुंबवत्सल लोकच होते. गावच्या ओळखीवर उधारी देणारा व्यापारी सहा हजार कोसांवरच्या हॉटेलात वाडी ओततो, तेव्हा प्रकल्पाचा ताळेबंद मेजवानीतल्या माहितीपत्रकावरून वाचू नये, एवढे तरी व्हावे.

तिसरे पारडे परतीचे, आणि ते समजायला तलासरीकडे जावे लागते.

बोर्डीहून पूर्वेला वळल्यावर वाड्या संपतात. माती तांबडी होते, भाताची खाचरे आणि साग दिसू लागतात. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत येतात. येथे आदिवासींची जमीन बिगर आदिवासीला शासनाच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही, आणि 1974 च्या कायद्याने पूर्वी गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली. हा कायदा आकाशातून पडला नाही. तलासरीजवळच्या झरी गावी मे 1945 मध्ये वारली हजारोंनी जमले. वेठबिगारी आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबवणारी लग्नगडीची चाल मोडण्याचा निर्धार त्यांनी केला. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड मारला गेला. ज्या जमीनदार-सावकारांविरुद्ध तो उठाव होता, त्यांच्याकडे दस्त होते, शिक्के होते, पैसाही होता. त्यांत व्यापारी घरेही होती, हे वाचताना अवघडल्यासारखे होते, पण वाचावे. ज्यांनी फक्त कागद घेतला त्यांचा मुक्काम या मातीने मानला नाही.

त्या इतिहासामुळे येथली खरेदी-विक्रीयोग्य जमीन थोडी आणि नियमांनी बांधलेली आहे. 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1996 मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले. 1998 मध्ये या प्राधिकरणाने नाकारलेले वाढवण बंदर 2023 मध्ये मान्य झाले आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी 76,220 कोटी रुपयांच्या त्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. विकणारा म्हणतो भाव अजून चढेल, घेणारा म्हणतो नियम अजून आडवे येतील. घाईने विकणाऱ्याला हा सौदा मानवत नाही.

आणि विकल्यावर? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा सातबारा हातचा गेला की वडिलांची ती वाट बंद. परदेशी स्थायिक मुलाला तर परकीय चलन कायद्याखाली भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेताच येत नाही. मात्र वारशाने आलेले तो ठेवू शकतो. म्हणजे वाडी राखली तर कार्डधारक मुलगाही एक दिवस तिचा मालक होईल. विकली तर कितीही डॉलर कमावून तीच वाडी त्याला पुन्हा घेता येणार नाही. अमेरिकेचा दरवाजा अर्धा उघडत असताना घोलवडचा पुरता बंद होतो, ही बाब माहितीपत्रकात नसते.

तलासरीपुढे आच्छाडच्या नाक्यावर राज्य संपते. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी विक्रीकराच्या कागदांसाठी येथे मालमोटारींच्या रांगा लागत. जुन्या व्यापाऱ्यांना त्या रात्री आठवतात. नाक्यापलीकडे गुजरातेत संजाण. पारशी परंपरेनुसार त्यांचे पूर्वज जलमार्गाने येथे आले आणि जदी राणाकडे आश्रय मागितला. 1600 च्या सुमाराच्या ‘किस्सा-ए-संजाण’मध्ये राजाच्या अटी दिल्या आहेत: धर्माची ओळख करून द्यावी, येथली भाषा बोलावी, स्त्रियांनी येथला पोशाख करावा, शस्त्रे खाली ठेवावीत, लग्ने संध्याकाळी करावीत. पैशाची अट एकही नाही. संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी बारा वर्षे लपला, तोही घोलवडच्या पूर्वेच्या बारड डोंगरातल्या बाहरोट लेण्यांत. (जैन वाचकाला ‘वीसा’ म्हटले की ओसवाळ-श्रीमाळ आठवतात, व्हिसा नव्हे. तरी पालनपूरचे हिरेव्यापारी अँटवर्पला स्थिरावले ते व्यापाराने. देरासर उभे राहिले ते नंतर.)

भारतानेही 2016 मध्ये परदेशी गुंतवणूकदारांना असा दाखला देऊ केला: दीड वर्षात 10 कोटी किंवा तीन वर्षांत 25 कोटी रुपये, दरवर्षी किमान 20 भारतीयांना काम, आणि त्याबदल्यात दहा वर्षांचा निवास. दुनियेच्या बाजारात आता प्रत्येक देश आपापल्या उंबरठ्याची किंमत लिहितो आणि पुसतो. ब्रिटनने आपली गुंतवणूकदार योजना 2022 मध्ये बंद केली, स्पेनने 2025 मध्ये.

कल्पिलेल्या त्या घरापुढे मधला मार्ग उरतो. मुलाने स्वतःची बचत आणि सासरची मदत एकत्र करावी, वडिलांनी दुकानाचा मागचा गाळा विकावा, वाडी ठेवावी. रक्कम अपुरी पडली तर अर्ज करू नये. मुलाला हे पटेल असे नाही. त्याची नोकरी जाईल त्या दिवसापासून त्याला बहुधा साठ दिवसच मिळणार आहेत, आणि वाडी त्याने दिवाळीच्या सुटीपलीकडे पाहिलेली नाही. वडिलांनी तूर्त दलालाला मार्चपर्यंत थांबायला सांगितले आहे. वाडीत जुनी दोन झाडे वाऱ्याने पडली होती; त्या जागी रायणीच्या खुंटावरची नवी कलमे लावून झाली आहेत.