शनवारची चूल

गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टला तेल अवीवची एक टीम जोडली गेली. पहिल्याच कॉलला स्क्रीनवरच्या एका चौकटीखाली आडनाव दिसलं : रोहेकर. मी तेव्हा पेणच्या घरी माळ्यावरच्या खोलीतून काम करत होतो, आणि मूळचा रोह्याचा. म्यूटवरच ओरडलो. कॉल संपल्यावर त्याला लिहिलं, तुझं आडनाव माझ्यापासून तासाभरावर आहे. उत्तर मोडक्यातोडक्या मराठीत आलं. आजी तिकडची होती म्हणाला. आणि खाली एक प्रश्न : तू मलिदा खातोस?

मलिदा मला फक्त पेपरातून माहीत. ठेकेदार खातात तो. त्याचा मलिदा निघाला वेगळाच : भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुकामेवा आणि फळं. लग्नकार्य असो, नवस फेडायचा असो, एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने हे ताट मांडतात. पोह्यांचा प्रसाद, दर्ग्यावरून आलेला शब्द आणि प्रार्थना हिब्रू. पोह्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात बसून मी हे इस्रायलमधल्या माणसाकडून ऐकत होतो.

बेने इस्रायल लोकांची कथा अशी, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पोहोचले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. केव्हा, यावर एकमत नाही. पुढे ते कोकणातल्या गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावांचीच आडनावं लावू लागले. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर. बोली मराठी, लुगडं मराठी. पवित्र ग्रंथ हाताशी नव्हते, तरी सुंता, खवल्यांचेच मासे खाणं आणि शनिवारी काम बंद, हे मात्र सोडलं नाही. गावाने त्यावरूनच नाव ठेवलं : शनिवार तेली. मला हे नाव आवडतं. त्यात कुणी त्यांना समजून घेतल्याचा आव नाही. घाणा शनिवारी बंद असतो, तेल हवं तर शुक्रवारी न्या, एवढंच.

सणांची नावंही घरचीच : नव्याचा सण, खिरीचा सण. एका उपासाच्या दिवशी वालाचं बिरडं होतं, म्हणून तो बिरड्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा शोक आणि ताटात रायगडचे वाल. १८८० मध्ये मुंबईत त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं आणि अब्राहमाच्या, मोशेच्या कथा मराठी कीर्तनातून सांगू लागले. त्यात पुढे असलेले बेंजामिन शिमशोन, आडनाव अष्टमकर. आमच्या नदीपलीकडचं अष्टमी.

माझ्या आजीचं माहेर अष्टमीचंच. तिला विचारलं, तर ती खुर्चीत सरळ होऊन बसली. "होते ना. आमच्या शेजारीच. शुक्रवारी सांजेला त्यांची चूल विझायची. शनवारी त्यांच्या म्हाताऱ्या बाईला गरम पाणी आमच्याकडून जायचं. आई पहिलं त्यांचं तापवायची, मग आमचा चहा."

"का, ते विचारलंत कधी?"

"काय विचारायचं? शनवार होता त्यांचा."

ती दहा-बारा वर्षांची असताना ते कुटुंब इस्रायलला गेलं. पाटा-वरवंटा आजीच्या आईला देऊन गेले.

हे सगळं मी रोहेकरला कळवलं, थोड्या अभिमानानेच. बघ, आमचं गाव कसं होतं. त्याने पुढची गोष्ट सांगितली. तिथे पोचल्यावर आजीला विचारलं गेलं, तुम्ही ज्यू कशावरून? १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायलपैकी कुणी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल तर आधी त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. इतकी शतकं मराठीत राहिलेले लोक अस्सल कसे राहतील, ही शंका. १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये निदर्शनं केली, तेव्हा सरकारला त्यांच्या बाजूने उभं राहावं लागलं. रोहेकरची आजी म्हणायची, कोकणात आम्ही शनिवार पाळतो म्हणून वेगळे होतो, इथे लुगडं नेसतो म्हणून.

त्यावर मला काही लिहिता आलं नाही. कारण दुसऱ्या खिडकीत आमच्या रोह्याच्या सोसायटीचा ग्रुप उघडा होता.

बाबांचा तिथला फ्लॅट रिकामा आहे. ऑक्टोबरमध्ये एक बिहारी कुटुंब बघून गेलं होतं. नवरा धाटावच्या एमआयडीसीत कामाला, दोन मुली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, छठला गच्चीवर पन्नास माणसं गोळा करतील. दुसऱ्याने : इथे राहायचं तर इथल्यासारखं राहायला शिका. खाली एका मागोमाग एक अंगठे. त्यातला सातवा माझा. मीटिंगमध्ये होतो, वाद नको वाटला, दाबला. बाबांनी त्या कुटुंबाला नाही कळवलं.

इथल्यासारखं म्हणजे काय, हे त्या ग्रुपवर कुणी लिहिलेलं नाही. त्या मुली वर्षभरात माझ्यापेक्षा बरी आगरी बोलतील, यात मला शंका नाही. प्रश्न छठचा आहे. म्हणजे शनिवारचाच. गेलेल्या लोकांचा शनिवार मी ऑफिसात कौतुकाने सांगत होतो. आलेल्यांचा एक दिवस गच्चीवर चालत नव्हता. आणि बेने इस्रायल गेलेत म्हणून त्यांचं कौतुक सोपं आहे, हेही खरं. त्यांच्यासाठी आता कुणाला पाणी तापवावं लागत नाही.

आजीला हे सगळं सांगितलं नाही. फक्त विचारलं, छठ माहितीये का? "सूर्याचं असतं ना? टीव्हीवर दाखवतात. नदीत उभ्या राहतात बायका." मग म्हणाली, "आपल्या कुंडलिकेत येत असतील की."

परवा एजंटला फोन केला. ते कुटुंब कुठे राहतं विचारलं. धाटावच्या रस्त्याला एका चाळीत खोली घेतली आहे म्हणाला, अकरा महिन्यांच्या कराराने. मी नंबर मागितला.

"आता कशाला साहेब?" तो म्हणाला. "तुम्हीच नाही म्हणाला होतात ना."

तरी नंबर लिहून घेतलाय. ग्रुपवर अजून काही लिहिलेलं नाही. तिथे आधी लिहायला हवं, की आधी फोन करायला हवा, यावर दोन दिवस गेलेत.