गणिताचे मास्तर आणि शहाण्णव

इथल्या फुटबॉल क्लबाचं नाव 'हॅनोव्हर ९६'. मला आपलं वाटलं, १९९६ साली निघाला असणार. लॅबमधल्या सहकाऱ्याने शांतपणे दुरुस्ती केली, "१८९६!"

ऑक्टोबर २००९ मध्ये मी पीएच.डी.साठी हॅनोव्हरला आलो. आपण पडलो क्रिकेटवाले. फुटबॉलचा आणि माझा संबंध शून्य. पण १० नोव्हेंबरला ९६चा कप्तान आणि गोलकीपर रॉबर्ट एन्के गेला. आत्महत्या. वय ३२. त्याला अनेक वर्षं डिप्रेशनने गाठलं होतं, आणि हे अगदी जवळच्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. १५ तारखेला स्टेडियममध्ये सुमारे ४०,००० लोक त्याला निरोप द्यायला आले. एरवी एकमेकांकडे न बघणारी माणसं त्या दिवशी ट्राममध्ये उघड रडताना पाहिली.

मग संघ हरतच गेला. जानेवारी २०१०मध्ये प्रशिक्षक बदलला आणि मिर्को स्लोम्का आला. जवळच्याच हिल्डेसहाइममध्ये जन्मलेला, आणि शिक्षण कशाचं? गणित आणि क्रीडा, तेही शिक्षक होण्यासाठी! त्याआधी त्याने शाल्के संघाला २००७ साली बुंडेसलिगात दुसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. तरी २००८मध्ये त्याला नारळ मिळालाच.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. बाबा मिरजेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. "अरे वा, आमच्यातला माणूस!" म्हणाले, आणि त्या दिवसापासून इंटरनेटवर गुणतक्ता बघायला लागले.

पण आमच्यातल्या माणसाने सुरुवातीचे सामने ओळीने हरले. पहिला विजय मिळायला मार्च उजाडला. एप्रिलमध्ये बायर्न म्युनिकने ७-० असं धुतलं. मी टीव्हीवर बघायचो: हा गृहस्थ मैदानाकडेला नीटनेटका उभा. मुलाखतीत खेळाडूंवर खापर नाही, आवाज चढवणं नाही. मला तर त्याचा रागच यायचा. अरे बाबा, ओरड की जरा!

त्याच दिवसांत माझा सेन्सर चालत नव्हता. चार महिने मोजमापं घेतली, सगळी निरुपयोगी. रात्री झोप नाही, सकाळी उठवत नाही. आणि दर रविवारी घरी फोन: "सगळं छान आहे."

१ मे रोजी ९६ने ग्लाडबाखला ६-१ हरवलं. ८ मेला बोखुमला ३-०. शेवटच्या दिवशी पंधराव्या क्रमांकावर राहून संघ वाचला. रविवारी बाबा भलतेच खुशीत होते. म्हणाले, "गणित चुकलेल्या पोराला ओरडून गणित येत नाही रे. पायरी कुठे चुकली, ते शेजारी बसून बघावं लागतं." मी गप्प. मग त्यांनी विचारलं, "तुझी कुठली पायरी अडली आहे?"

म्हणजे त्यांना कळलं होतं! मग मी सगळं सांगितलं. झोपेचंही. बाबांनी फक्त ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या तुझ्या प्रोफेसरांना हेच सांग. आणि डॉक्टरलाही." दोन्ही केलं. सेन्सर पुढे वर्षभराने चालला.

पुढच्याच मोसमात स्लोम्काचा संघ चौथा आला, ६० गुण मिळवून. त्याचा दंडक होता: चेंडू हिसकावला की दहा सेकंदांच्या आत गोलवर फटका. शांत माणसाच्या संघाची ही घाई बघायला मोठी गंमत वाटायची! २०१२मध्ये हा संघ युरोपा लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला.

पण गोष्ट इथे संपवली तर ती शाळेच्या पुस्तकातली होईल. डिसेंबर २०१३मध्ये, नाताळ उलटताच, स्लोम्काला काढलं. २०१४मध्ये त्याने हाम्बुर्गला खाली जाण्यापासून वाचवलं, आणि सप्टेंबरात तिथूनही गेला. २०१९मध्ये पुन्हा ९६कडे परतला, तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता, नोव्हेंबरपर्यंतच टिकला. तेव्हाही तो तसाच शांत होता. म्हणजे शांतपणाने सामने जिंकता येतात, असं काही नाही.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? माझी पोरं काय सगळी पास व्हायची?"

स्टेडियमलगतच्या रस्त्याला आता एन्केचं नाव आहे. तिथून जाताना मी अजूनही घरी फोन लावतो. आणि छान नसेल, तर तसं सांगतो.