मुलांकडे कोण पाहत होते?

परवा दुपारी माजघरात मी फॅनी ब्लँकर्स-कून हिच्याविषयीचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवीत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ह्या डच बाईने चार सुवर्णपदके जिंकली. तेव्हा तिचे वय तीस, आणि पदरी दोन मुले. इतके ऐकताच मामंजींनी सुपारी कातरता कातरता विचारले, "आणि मुलांकडे कोण पाहत होते?"

मला राग आला, हे कबूल केले पाहिजे. शाळेत असल्यापासूनचे माझे धावणे थोरल्याच्या जन्माबरोबर सुटले, ते ह्याच एका प्रश्नापायी. पण पुढे वाचीत गेले तो दिसले की, हा प्रश्न तिलाही चुकला नव्हता. घरी राहून मुले सांभाळ, असा उपदेश तिच्या देशबांधवांनीच पत्रे लिहून केला होता. सरावाला जाताना ती मुलांना मैदानावर घेऊन जाई.

लंडनला १०० मीटर तिने ११.९ सेकंदांत जिंकले. ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची व इंग्लंडच्या मॉरीन गार्डनरची वेळ एकच भरली, ११.२ सेकंद. इतक्यात इंग्लंडचे राष्ट्रगीत सुरू झाले. आपण हरलो असेच बिचारीला वाटले. वस्तुतः राजघराण्यातील मंडळी येत होती!

अशी दोन पदके हाती आली असता, २०० मीटरच्या उपांत्य शर्यतीपूर्वी ही बाई रडू लागली. मुलांची आठवण येते, आता घरी जाते, म्हणाली. यजमान यान हेच तिचे शिक्षक. जायचे तर जा, पण मागाहून पस्तावशील, एवढेच त्यांनी समजावले. ती मनसोक्त रडली, आणि मग भिजलेल्या मैदानावर धावून अंतिम शर्यत सात दशांश सेकंदाच्या फरकाने जिंकली. सांघिक शर्यतीतले चौथे पदक मी भराभर वाचून टाकले. माझे मन त्या रडण्यापाशीच अडले होते.

"नवरा शहाणा होता," मामंजी म्हणाले.

"आणि बायको?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

मी पुढे वाचले. अॅमस्टरडॅममध्ये चार घोड्यांच्या उघड्या गाडीतून तिची मिरवणूक निघाली, आणि आता फार धावपळ पडू नये म्हणून शेजाऱ्यांनी तिला एक सायकल भेट दिली.

"सायकल?" पदराला हात पुसत सासूबाई दारात आल्या. "म्हणजे मुलांना पुढे बसवून बाजारहाटही तिनेच करायचा की!"