ढील दे गं!

माळ्यावरून जुनी सॅक काढली आणि दोराचा वास आला. माती, घाम, नीट न वाळलेला लोणावळ्याचा पाऊस. नायलॉन उन्हाने आणि वयाने कमजोर होतं, वरून कळतही नाही. अशा दोरावर जीव टांगायचा नसतो. भाचा म्हणाला, "कपडे वाळत घालायला घेऊ?" मी दिला नाही.

याच दोराने आत्या उतरली होती. कुरवंड्यापलीकडे, नागफणीच्या वाटेवरच्या एका छोट्या कड्यावरून. तिची साठी उलटलेली, मी शाळेत. तिचा सेफ्टी दोर प्रशिक्षकाच्या हातात आणि त्याच्यामागे शेपटाकडे मी. कड्याखाली दिसेनाशी झाल्यावर तिचा आवाज आला, "ढील दे गं!" घरात मला दूध आणायला पाठवणारी आत्या माझ्याकडे मागत होती! प्रशिक्षकाने मान हलवली, मी वीतभर दोर सोडला. त्या क्षणाइतकी मोठी मी पुढे पदवी घेतानाही झाले नाही.

आत्याने माझ्या हाती दोर दिला; लोहगडच्या पायऱ्यांवर मात्र मला अशी मोकळीक न मिळालेली जिऊबाई आठवते. १८०० मध्ये नाना फडणवीस गेले आणि त्यांची ही कोवळ्या वयाची विधवा या गडाच्या आसऱ्याला आली. पुढे इंग्रजांच्या हमीवर पनवेलला गेली. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा दरवाजांबद्दल, विंचूकाट्याच्या सोंडेबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या मुलीला गडावर कुणी मोकळं फिरू दिलं असेल का?

हल्ली शिबिरांत वयाप्रमाणे गट पाडतात. मुलं झिपलाइनवर, आईबाप मोबाइलवर, आजी गाडीत. मला याचा मनापासून राग येतो. मुलाला हार्नेस चढवून वरून खाली सोडलं, की त्याने धरायचं असं काय उरलं?

आणि धरायला कुणी नसेल तर पाणी दयामाया करत नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. शोधायला ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाचे कार्यकर्ते उतरले, आपलं घरदार सोडून.

पावसाळ्यात मावळात याल तर वाहत्या ओढ्यात मुलांना उतरवू नका. भाज्याच्या वाटेने लोहगडावर जा. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, आणि आजीला गाडीत बसवून जाऊ नका.